खालच्या रानाची माती

खालच्या रानातला पांढरा डाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी हातून खताची गोणी फुटली असणार. पाटाचं पाणी शेतात आणणाऱ्या चारीच्या कडेला, तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या खोडव्यात, जेमतेम एका घोंगडीएवढी जागा होती. तिथला ऊस गुडघ्यापर्यंत येऊन थांबला होता आणि पानांच्या कडा करपल्या होत्या. मी तेव्हा बी.एस्सी. अॅग्रीला होते, सुट्टीला घरी आले होते. बोटाला लागलेलं पांढरं जिभेवर ठेवून पाहिलं. खारट, आणि खारटाच्या मागून कडू. थुंकले, हात धुतले, घरी जाऊन जेवायला बसले. ती चव काही तोंडातून जाईना.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं तर ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "रान जरा मिठाळलंय. पाट सुटला की मारू दाबून पानी. जाईल धुऊन."

आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडे, पाटाखालचं. पाणी हे आमच्या लोकांचं मोठं भूषण. पाथर्डीकडच्या दुष्काळी भागातली माणसं दर साली कोयते घेऊन आमच्या उसात येतात, कोप्या घालून राहतात, आणि आमचे लोक त्यांच्याकडे बघून आपलीच पाठ थोपटून घेतात. पाण्याने कुणाचं वाईट होतं असं आमच्याकडे म्हणायची सोय नाही. म्हणालं तर लोक वेड्यात काढतील.

पाट सुटला, आण्णांनी दाबून पाणी मारलं आणि डाग गेला. पुढच्या सुट्टीला आले तेव्हा तो परत आला होता. आता तिथे एखादी बैलगाडी आरामात सोडता आली असती.

एम.एस्सी.च्या प्रवेशाला माझा नंबर चांगला वर लागला. विषय निवडायच्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांचा जीव उद्यानविद्येत अडकलेला. द्राक्ष, डाळिंब, पेरू, कंपन्यांच्या नोकऱ्या, सगळं तिथेच. ते नाही मिळालं तर कृषिविद्या, तेही नाही तर कीटकशास्त्र. मृदविज्ञान आमच्या बॅचला अगदीच उरलेल्यांचं होतं. ज्यांना कुठेच जागा नाही ते तिथे नाव घालत आणि हॉस्टेलवर बसून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घोकत. माझं नाव पुकारलं तेव्हा उद्यानविद्येच्या जागा शिल्लक होत्या. मी मृदविज्ञान म्हणाले.

टेबलापलीकडच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, उद्यानविद्या मिळतंय तुला. गडबडीत बोललीस का?"

"नाही सर. मातीच पाहिजे."

"त्यात काय करणार पुढे?"

मी समोरच्या कागदावर सही केली. मागच्या रांगेतल्या एका मुलाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. त्याची जागा वाचली होती. त्याने बाहेर आल्यावर मला चहा पाजला, आणि तुला बरं नाही का, असंही विचारलं.

आवड होती का, असं लोक अजून विचारतात. आवडबिवड काही नव्हती. मी तो विषय भीतीने घेतला. घरात कुणाला खोकला सुटावा आणि तो थांबूच नये, मग माणूस त्या दुखण्याविषयी सापडेल ते वाचत सुटतं, तसं माझं झालं होतं. ती चव माझ्या तोंडात होती. तिचं नाव काय आणि ती पुढे काय करते, एवढंच मला हवं होतं.

घरी मात्र बेत ठरून बसला होता. मी उद्यानविद्या शिकायची, दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, वरच्या रानात पेरू लावायचा आणि घरामागे आमची रोपवाटिका उभी राहायची. आण्णांनी पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा मनात योजलं होतं. फोनवर मी विषय सांगितला तेव्हा पलीकडे ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला.

"माती?" ते म्हणाले. "माती शिकाया विद्यापीठात कशाला जावं लागतंय?"

आमच्या बांधाला बांध असलेल्या चुलत्यांनी तर चारचौघांत सोय केली. "आमच्याकडं यायचं की पोरी. ढेकळं फोडाया लावतो. फी बी घेत न्हाई." सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. पण राग आला तो आलाच. बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी, मुलगी मातीत शिकते म्हणजे सिव्हिलला का, असं विचारलं आणि आईने घाईघाईने, "व्हय, तसलंच," म्हणून वेळ मारून नेली.

आण्णा मात्र हसलेही नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी विषयच सोडून दिला. फोन केला की मेसचं जेवण कसं आहे, थंडी पडली का, एवढं विचारायचे. तू तिथे काय शिकतेस, हे त्या सगळ्या काळात एकदाही विचारलं नाही. हे मला फार लागायचं.

मी शिकत होते ते असं: पांढरं दिसतं तोवर एक वेळ बरं असतं. जमिनीखालचं पाणी वर चढतं, क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. हे दिसतं, त्यावर इलाज आहे. पण खालून निचऱ्याला वाट नसताना नुसतं वरून पाणी मारत राहिलं, की पांढरं विरघळून दिसेनासं होतं आणि त्यातलं सोडियम तेवढं मातीला धरून बसतं. मग मातीचा कण न् कण सुटा होतो. ओली झाली की साबणासारखी बुळबुळीत, वाळली की फरशी. पाणी आत जात नाही, मूळ आत जात नाही. अशा रानाला आमच्याकडे चोपण म्हणतात, आणि ते नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी गावात असतं.

हे मी वहीत उतरवत होते त्याच हिवाळ्यात आण्णांचा फोन आला. आवाजात कधी नव्हे ती खुशी. "डाग गेला बरं का. सगळा गेला. दोन पाळ्या दाबून पानी दिलं, आता रान कसं काळंभोर दिसतंय. हुतं का तुज्या पुस्तकात?"

मी म्हणाले, "आण्णा, आता पाणी थांबवा."

"काय?"

"पाणी देऊ नका त्याला. आधी चर काढावे लागतील."

ते हसले. "बरं बरं. जेवली का?"

आमच्या घरात नवरात्राच्या घटाला शेतातली माती लागते. तशी ती सगळ्यांकडेच लागते. पण आमच्याकडे ती ज्या रानावर घर चालतं त्याच रानातली लागते, आणि घरच्या कर्त्या माणसाने अनवाणी जाऊन ती आणायची असते. पत्रावळीवर माती पसरायची, धान्य पेरायचं, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट पाझरतो आणि त्याच्या ओलीवर धान्य उगवतं. दसऱ्यापर्यंत ते जसं येईल तसं साल जाणार, अशी समजूत. आळीतल्या बायका एकमेकींकडे जाऊन घट कसा आलाय ते बघून येतात. आमचा घट नेहमी दाट यायचा आणि आई ते कुणाला सांगायची नाही, पण दार उघडं ठेवायची.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी नवरात्राला मी घरी होते. आण्णांनी माती खालच्या रानातून आणली. पांढरं गेलं होतं ना, त्याचा त्यांना अभिमान होता. मी पाटीतली माती बघितली आणि बोलणार होते, पण आई देवघर सारवत होती, दादा झेंडूच्या माळा ओवत होता, आण्णांच्या पायाला अजून शेतातला चिखल होता. कोण बोलणार?

दुसऱ्या-तिसऱ्या माळेला इतरांकडे कोंब वर आले. आमच्याकडे घटाभोवती पाणी नुसतं साचून राहिलं, तेलाचा तवंग यावा तसं चकाकत. मग वरचा थर वाळला आणि त्याला भेगा पडल्या. भेगांमधून थोडे गहू आले, पिवळे, माना टाकलेले. ज्वारी आलीच नाही. पाचव्या माळेला आईने दार लोटून घेतलं.

आई दिवसातून किती वेळा तरी देवघरात जायची आणि तोंड पाडून बाहेर यायची. "घरावर काय येतंय कुनाला ठाव," एवढंच म्हणायची. दादा म्हणाला, बियाणं किडकं असेल. आण्णा दुपारी उगीच ओट्यावर बसून राहायला लागले. त्यांना असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरातून काचेचे दोन ग्लास घेतले, पन्हाळीखाली पिंपात धरलेलं पावसाचं पाणी त्यात ओतलं आणि ओट्यावर त्यांच्यासमोर ठेवले. एकात वरच्या रानातलं वाळलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात खालच्या रानातलं.

"आता हलवायचं नाही," मी म्हणाले. "नुसतं बघा."

वरच्या रानातलं ढेकूळ तळाशी बसलं, जरा विस्कटलं, पण पाणी स्वच्छ राहिलं. खालच्या ढेकळाभोवती आधी धुरकट कडं आलं. मग ते पसरत गेलं, आणि मी, आण्णा आणि बाहेर आलेले आई-दादा बघत असतानाच सगळा ग्लास गढूळ झाला. दुधात माती कालवावी तसा. कुणी हात लावला नव्हता.

"देवीचा कोप नाही हा," मी म्हणाले. "माती मेली आहे. पाण्यानं मेली. अजून इलाज आहे आण्णा. ऊस मोडा, चर काढून खालचं पाणी ओढ्याला काढून द्या, जिप्सम टाकू, हिरवळीच्या खताला धैंचा पेरून गाडू. पण पाणी थांबवा. नाहीतर हे वर चढत येईल."

आण्णा ग्लासाकडे बघत राहिले. मग उठले, गढूळ ग्लास उचलला आणि अंगणात भिरकावून दिला, पाण्यासकट.

"माती मेली म्हनं," ते म्हणाले. "ह्याच मातीनं तुला विद्यापीठात धाडलं. घटापुढं असलं बोलतीस?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. आईने काचा वेचल्या. दसऱ्याला घट उठवला तेव्हा टोपीत खोवायला तुरे नव्हते, आणि आण्णा त्या दिवशी सोनं द्यायला गावात गेले नाहीत.

चराचं मात्र त्यांनी ऐकलं असावं, कारण दिवाळीनंतर ते चुलत्यांकडे गेले. ओढ्याला जायचं तर चर चुलत्यांच्या रानातून न्यावा लागणार होता. दादा सोबत होता, त्याने मला सांगितलं. चुलते म्हणाले होते, "तुमचा खार आमच्या रानातून न्यायचा व्हय? आमचं रान चांगलं हाय. पोरगी शिकली म्हनून आमी बी मरायचं का?" आण्णा चहा न पिता उठून आले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला चुलत्यांचा राग यायला हवा होता. पण त्या आठवड्यात मी त्यांच्या बांधावरून, गावातून सुटणाऱ्या जीपकडे चालत गेले तेव्हा त्यांच्याही बाजूला, बांधाच्या मुळाशी, पांढरी रेघ उमटलेली दिसली. जीपमध्ये बसले आणि मागे वळून बघितलं नाही.

मी पुढे पीएच.डी.लाही तोच विषय घेतला. तेव्हा घरच्यांनी हात टेकले. दादाने वरच्या रानात, घरालगत, पेरू लावला. उसाच्या पाळ्या चालूच राहिल्या. मी फोनवर सांगायचे, तो म्हणायचा, "वरचं रान उंचावर हाय गं. तिथं कुठलं खार येतंय?" आणि बागेचे फोटो पाठवायचा. रोपांना नवी पालवी फुटलेली, मागे त्याची बायको हसत उभी. त्या फोटोंमध्ये मी माणसांकडे बघतच नव्हते. बोटांनी मोठे करून त्यांच्या पायाखालची जमीन बघायचे.

मग गेल्या नवरात्रात घरी गेले. दार सताड उघडं होतं. आळीतल्या दोघी-तिघी बाहेर पडत होत्या आणि म्हणत होत्या, "सोन्यावानी आलाय बाई घट!" मी देवघरात गेले. खरंच दाट आला होता, वीतभर, एकसारखा, मधोमध घट दिसेनासा झालेला. आईच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांचं ओझं उतरल्याचं दिसत होतं. "देवी पावली," ती म्हणाली. मी नमस्कार केला, आणि वाकले तशी पत्रावळीच्या कडेची चिमूटभर माती बोटांत घेतली.

ती आमची नव्हती. आमची माती काळी, चिकट. ही भुरकट, मऊ, रेवाळ, उजेडात बारीक चकाकणारी. नदीकाठचा पोयटा. गोदावरीच्या पात्राकडेला पुणतांब्यात असतो तो. आमच्या रानात असली माती मूठभरसुद्धा सापडणार नाही.

माती आणायची कर्त्या माणसाने. म्हणजे आण्णा गाडीवर गेले होते, अनवाणी, पिशवी घेऊन, नदीवर. मी आईकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं.

आण्णा खालच्या रानात आहेत असं दादा म्हणाला. त्याची गडबड चालली होती. पाट सुटला होता आणि पेरूला ठिबक टाकायचं राहून गेलं होतं, म्हणून चारीचं पाणी बागेला घ्यायचं होतं. खांद्यावर फावडं टाकून, शीळ घालत तो बागेकडे गेला.

खालच्या रानात ऊस नव्हता. काहीच नव्हतं. मागच्या पावसाचं पाणी जागोजागी साचून होतं आणि मधल्या उंचवट्यांवर जमीन शिशासारखी चमकत होती. आण्णा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या दारात बसले होते. वर्षात केवढे वाळले होते ते. मी जवळ गेले आणि, इथे येईपर्यंत ठरवलं होतं त्यातलं काहीच न बोलता, नुसतं म्हणाले, "नदीवर गेला होतात?"

त्यांनी मान हलवली. "तिला कशाला घोर लावायचा? आन देवीला तरी काय दाखवायचं?"

मग उठून त्यांनी खोलीचं दार ढकललं. आत स्टार्टरच्या पेटीखाली फळी होती. फळीवर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत पाणी, तळाशी माती. पन्हाळीखालच्या पिंपातलं पाणी त्यांनी इथवर वाहून आणलं होतं. मी ओट्यावर केलं होतं ते त्यांनी एकदाच पाहिलं होतं, ग्लास फेकायच्या आधी. तसंच सगळं केलं होतं, अगदी न हलवता.

"ही चारीजवळची," त्यांनी पहिलीवर बोट ठेवलं. "ही मधली. ही बाभळीपाशी. ही बांधाच्या वरची." बोट पुढे सरकत होतं तसं ते रानातून घराकडे चढत होतं. सगळ्या बरण्या गढूळ होत्या. काही जास्त, काही कमी, पण गढूळ. शेवटच्या बरणीत, तळाच्या ढेकळाभोवती, धुरकट कडं नुकतंच पसरायला लागलं होतं.

"ही कुठली?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"पेरूची. सकाळी टाकली." त्यांनी बागेकडे पाहिलं. "दादाला न्हाई सांगितलं अजून. बाग लई चांगली लागलीय त्याची."

मी बरणीजवळ तोंड नेलं. ओल्या मातीचा वास आला. एवढ्या वर्षांत माझ्या परीक्षा झाल्या, तोंडी झाल्या, बाहेरून आलेल्या मोठमोठ्या सरांनी प्रश्न विचारले, मी एकदाही अडले नाही. इथे मी बरणीवरची धूळ बोटाने पुसत राहिले. 

आण्णा हळूच खाली बसले, मोटारीच्या कट्ट्यावर, आणि माझ्यासाठी शेजारी जागा केली.

"बस बाई," ते म्हणाले. "आता सांग. काय काय शिकलीस ते सगळं सांग."

वरून, बागेच्या बाजूने, दादाने चारीचं दार उचलल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ पाणी धावल्याचा.